मालिकांमधील समलिंगी पात्रे आणि दिवाणखान्याचा प्रश्न

७ नोव्हेंबर १९८९ रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ‘थर्टीसमथिंग’ या मालिकेचा एक भाग प्रक्षेपित झाला. त्यातील एका दृश्यात दोन पुरुष पलंगावर बसून बोलत असतात. रात्र त्यांनी एकत्र घालवली आहे एवढे सूचित होते; ते एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत. बोलणे चालते ते एड्सने ओढून नेलेल्या मित्रांविषयी. एवढ्यावरून पाच जाहिरातदारांनी आपल्या जाहिराती मागे घेतल्या आणि वाहिनीचे सुमारे १५ लाख डॉलरचे उत्पन्न बुडाले. पुढे उन्हाळ्यात मालिकेचे जुने भाग पुन्हा दाखवण्यात आले, तेव्हा हा भाग वगळण्यात आला.

दूरचित्रवाणी मालिकांमधील समलिंगी पात्रांचा इतिहास साधारणपणे ‘पहिले पात्र’, ‘पहिले चुंबन’, ‘पहिला विवाह’ अशा टप्प्यांनी सांगितला जातो. तो खोटा नाही. पण त्यातून पडद्यामागचे गणित दिसत नाही. कोणते पात्र किती काळ टिकेल, त्याला प्रेम करता येईल की नाही, कॅमेरा कोणत्या क्षणी दुसरीकडे वळेल, हे बहुतेक वेळा लेखकाच्या धैर्यापेक्षा मालिकेचा खर्च कोण उचलतो यावर ठरत आले. जाहिरातदाराच्या पैशावर चालणारी वाहिनी, सार्वजनिक हेतूने स्थापन झालेली वाहिनी आणि वर्गणीदारांच्या पैशावर चालणारी वाहिनी, या तिघींनी एकच पात्र तीन तऱ्हांनी रंगवले.

चित्रपटापेक्षा मालिकेबाबत वाद अधिक का होतात, याचे कारण उघड आहे. चित्रपट पाहायला माणूस घराबाहेर पडतो, तिकीट काढतो, अडीच तासांनी परततो. मालिका घरात येते आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांसमोर बसते. दर आठवड्याला, काही ठिकाणी रोज, ती त्याच माणसांना घेऊन येते आणि हळूहळू ती माणसे घरचीच होतात. समलिंगी व्यक्ती अशा रीतीने घरात येऊन बसणे, हेच विरोधकांना खुपत होते आणि समर्थकांना हवे होते.

ब्रिटनमध्ये याची सुरुवात तुलनेने लवकर झाली. १९८२ साली सुरू झालेल्या चॅनेल फोरवरील ‘ब्रुकसाइड’ या लिव्हरपूलमधील मालिकेत १९८५ मध्ये गॉर्डन कॉलिन्स हा तरुण आपण समलिंगी असल्याचे घरी सांगतो. परंतु देशभर चर्चा झाली ती बीबीसीच्या ‘ईस्टएंडर्स’मधील कॉलिन रसेलची. मायकल कॅशमन यांनी रंगवलेला हा कॉलिन १९८६ मध्ये लंडनच्या त्या काल्पनिक चौकात राहायला आला. पेशाने ग्राफिक डिझायनर, स्वभावाने सौम्य, शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. त्याचा जोडीदार बॅरी मंडईत गाडी लावणारा तरुण होता आणि त्याला एकविसावे वर्ष लागायचे होते. त्या काळी ब्रिटनमध्ये दोन पुरुषांच्या संबंधांसाठी कायदेशीर वय २१ होते. त्यामुळे कॉलिनला पोलिसांची वाटणारी धास्ती ही कथानकातली निव्वळ सोय नव्हती. प्रेक्षकांपैकी अनेकांच्या घरातली ती वस्तुस्थिती होती.

१९८७ मध्ये कॉलिनने बॅरीच्या कपाळाचे चुंबन घेतले तेव्हा वृत्तपत्रांनी आकांत मांडला. पुढच्याच वर्षी मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ‘कलम २८’ आणले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करू नये, असे ते सांगत होते. दूरचित्रवाणी त्याच्या कक्षेत येत नव्हती. पण काळ कोणता होता हे त्यावरून कळते. अशा वेळी, जानेवारी १९८९ मध्ये, कॉलिन आणि गिडो यांचे अल्पकाळ टिकणारे चुंबन बीबीसीने दाखवले. ते दीड कोटींहून अधिक लोकांनी पाहिले. बीबीसीचा खर्च परवाना शुल्कातून भागतो. संतापलेला प्रेक्षक पत्र लिहू शकत होता, जाहिरात काढून घेऊ शकत नव्हता. त्याच वर्षी अखेरीस अमेरिकेत पलंगावरच्या गप्पांनी पंधरा लाख डॉलर बुडवले, हे लक्षात घेतले म्हणजे दोन व्यवस्थांमधला फरक स्पष्ट होतो. कॅशमन पुढे ‘स्टोनवॉल’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि युरोपीय संसदेत निवडून गेले.

मात्र ब्रिटिश उदारतेचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. १९६० पासून चालू असलेली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका ज्यांनी निर्माण केली ते टोनी वॉरन स्वतः समलिंगी होते आणि त्यांनी ते फारसे लपवलेही नव्हते. तरी त्या रस्त्यावर टॉड ग्रिमशॉ हे पहिले ठळक समलिंगी पात्र पुढे यायला २००३ साल उजाडले. मालिकेच्या जन्मदात्याला त्याच मालिकेत त्रेचाळीस वर्षे जागा नव्हती.

अमेरिकेत जाहिरातदारांच्या धाकाने एक विलक्षण प्रकार रूढ केला: पात्र समलिंगी ठेवायचे, पण त्याला प्रेम करू द्यायचे नाही. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘डायनेस्टी’मधील तेलसम्राटाचा मुलगा स्टीव्हन कॅरिंग्टन हा याचा नमुना. त्याचा प्रियकर पहिल्याच पर्वात वडिलांशी झालेल्या झटापटीत मरतो. पुढे स्टीव्हन स्त्रियांशी विवाह करतो, त्याचे मन कधी इकडे तर कधी तिकडे झुकते. मूळ नटाने मालिका सोडल्यावर स्फोट आणि प्लास्टिक सर्जरीचा आधार घेऊन त्याचा चेहरासुद्धा बदलला जातो. लेखकांना त्याचे काय करावे हे शेवटपर्यंत उमगले नाही, असेच म्हणावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत धोरण वेगळे, आणि एका अर्थी अधिक अपमानास्पद होते. अमेरिकेत फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या महिन्यांतील प्रेक्षकसंख्येवरून स्थानिक जाहिरातींचे दर ठरत. अशाच एका फेब्रुवारीत, १९९१ साली, ‘एल. ए. लॉ’ या मालिकेत दोन महिला वकिलांचे चुंबन दाखवले गेले. चर्चा उठली, आकडे वाढले आणि कथानकाचा तो धागा लवकरच विरून गेला. पुढच्या काळात अन्य मालिकांनीही हा प्रयोग केला. दोन स्त्रियांची जवळीक मोजणीच्या हंगामात गळाला लावायची आणि हंगाम सरला की विसरायची, अशी ती रीत होती. ब्रिटनमध्ये जानेवारी १९९४ मध्ये ‘ब्रुकसाइड’ने बेथ आणि मार्गारेट यांचे चुंबन दाखवले. ती बेथ निदान पुरेशी घडवलेली व्यक्तिरेखा होती. त्या दृश्याची झलक २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात दिसली आणि तो सोहळा जगभर प्रक्षेपित झाला.

या सर्व इतिहासातील सर्वांत बोलकी घटना मात्र ‘एलेन’ या विनोदी मालिकेची. एलेन डीजनरस ही अभिनेत्री त्यात पुस्तकाच्या दुकानात काम करणारी एलेन मॉर्गन ही भूमिका करीत असे. मालिकेची काही पर्वे उलटली तरी नायिकेला पुरुषांत रस नाही, हे निर्मात्यांच्या लक्षात आले. वाहिनीची मालकी असलेल्या डिस्नी कंपनीतील एका अधिकाऱ्याने सुचवले की, तिला एखादे कुत्र्याचे पिल्लू पाळू द्या. हीच सूचना लेखकांनी थट्टेने उचलली आणि ज्या भागात एलेन आपण समलिंगी असल्याचे सांगते, त्याचे गुप्त नाव ठेवले ‘पपी एपिसोड’. नाव तेच राहिले.

३० एप्रिल १९९७ रोजी तो प्रक्षेपित झाला. विमानतळावर, निघालेल्या मैत्रिणीला सांगायचे शब्द एलेनच्या तोंडून फुटत नाहीत. अखेर धीर करून ती बोलते तेव्हा समोरचा ध्वनिक्षेपक नकळत चालू झालेला असतो आणि तिची कबुली सगळ्या विमानतळाला ऐकू जाते. दृश्य विनोदी आहे. पण जी गोष्ट एकाच माणसाला सांगतानाही जीव घाबरा होतो ती चारचौघांत फुटण्याचे भय त्यात नेमके उतरले आहे. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी तो भाग पाहिला. क्रायस्लरसह काही जाहिरातदार दूर राहिले. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहराच्या स्थानिक केंद्राने प्रक्षेपणास नकार दिला, तेव्हा तिथल्या लोकांनी सभागृह भाड्याने घेऊन उपग्रहामार्फत तो भाग एकत्र बसून पाहिला. या भागाला लेखनाचा एमी पुरस्कार मिळाला. परंतु पुढील पर्वात मालिकेच्या आरंभी पालकांसाठी इशारा झळकू लागला आणि १९९८ मध्ये ती बंद झाली. पाहुणी कलाकार म्हणून आलेल्या लॉरा डर्न यांनी नंतर सांगितले की, त्या भूमिकेनंतर वर्षाहून अधिक काळ आपल्याला काम मिळाले नाही.

‘एलेन’ बंद पडली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनबीसीवर ‘विल अँड ग्रेस’ सुरू झाली आणि आठ पर्वे चालली. समलिंगी वकील विल आणि त्याची मैत्रीण ग्रेस एकाच घरात राहतात, ही कल्पना चलाख होती: जाहिरातदाराला पडद्यावर एक पुरुष आणि एक स्त्री दिसत होती. विलच्या वाट्याला प्रेमप्रसंग बराच काळ जवळजवळ आलेच नाहीत, ही टीका रास्त आहे. मालिकेने २००० मध्ये त्यावर स्वतःच टोला हाणला. एका भागात वाहिनी दोन पुरुषांचे चुंबन दाखवत नाही म्हणून विल आणि जॅक तक्रार करायला जातात आणि शेवटी थेट प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यासमोर विल जॅकचे चुंबन घेतो. मात्र चुंबन विनोदाचे होते; प्रेमाचे नव्हे. ते त्याच वर्षी मे महिन्यात ‘डॉसन्स क्रीक’ या किशोरांच्या मालिकेत आले. २०१२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिले तेव्हा जनमत घडवण्याचे श्रेय त्यांनी ‘विल अँड ग्रेस’ला दिले. राजकारण्याने विनोदी मालिकेचे ऋण मान्य करावे, हा प्रसंग विरळा.

जाहिरातीचे बंधन सुटल्यावर काय होते हे वर्गणीच्या वाहिन्यांनी दाखवले. ब्रिटनमध्ये रसेल टी. डेव्हिस यांची ‘क्वीअर अॅज फोक’ फेब्रुवारी १९९९ मध्ये चॅनेल फोरवर आली. मँचेस्टरच्या कनाल स्ट्रीटवरील या तरुणांना ना सहानुभूती हवी होती, ना प्रमाणपत्र. ते स्वार्थी, देखणे, खोटारडे, प्रेमळ होते. तिची अमेरिकी आवृत्ती आणि २००४ मधील लॉस एंजेलिसच्या स्त्रियांची ‘द एल वर्ड’ या दोन्ही शोटाइम या वर्गणीच्या वाहिनीवर आल्या. एचबीओच्या ‘सिक्स फीट अंडर’मधील (२००१ ते २००५) डेव्हिड आणि कीथ हे जोडपे या सर्वांत महत्त्वाचे ठरावे. अंत्यसंस्काराचा पिढीजात व्यवसाय करणारा डेव्हिड आणि पोलीस असलेला कीथ भांडतात, वेगळे होतात, पुन्हा एकत्र येतात, मुले दत्तक घेतात. दुसऱ्या कोणत्याही जोडप्यासारखा त्यांचा संसार कंटाळवाणा होऊ शकतो, हीच त्यांची खरी मिळकत.

प्रेमाची मुभा मिळाली, तरी दीर्घायुष्याची मिळाली नव्हती. २००२ मध्ये ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’मधील टारा आपल्या प्रेयसीशी समेट झाल्यावर लगेच गोळी लागून मरते. २०१६ मध्ये ‘द हंड्रेड’मधील लेक्सा जवळजवळ तशीच मेली, तेव्हा प्रेक्षकांनी गप्प बसण्याचे नाकारले. लेखकाला माफी मागावी लागली आणि चाहत्यांनी एलजीबीटी तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’साठी निधी उभारला. कथेच्या गरजेपोटी एखादे पात्र मरणे वेगळे. एकाच प्रकारची माणसे सुखाच्या उंबरठ्यावर सतत मरत राहणे वेगळे. कॅनडाच्या ‘शिट्स क्रीक’ने (२०१५ ते २०२०) उलट टोक गाठले. सहनिर्माते डॅन लेव्ही यांनी ठरवून असे गाव रचले, जिथे समलिंगींविषयी द्वेषच नाही. शेवटचे पर्व डेव्हिड आणि पॅट्रिक यांच्या विवाहाने संपते. त्या पर्वाला नऊ एमी मिळाले.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते कलम ३७७ रद्दबातल ठरवले. त्यानंतर २०१० मध्ये स्टार प्लसवर ‘मर्यादा: लेकिन कब तक’ सुरू झाली. सासू-सुनांच्या परिचित चौकटीत तिने गौरव हा विवाहित पण समलिंगी मुलगा आणला आणि त्याच्याशी लग्न करून फसलेल्या विद्याचे दुःखही दाखवले. घराण्याच्या इभ्रतीसाठी लावलेल्या लग्नात दोन आयुष्ये कशी भरडली जातात, हे रोज रात्री घरोघर दिसले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलमाचा तो भाग पुन्हा गेला. तोवर हा विषय ओटीटीकडे सरकू लागला होता. २०१७ ची ‘रोमिल अँड जुगल’ आणि मंजू कपूर यांच्या कादंबरीवरील २०२१ ची ‘द मॅरिड वुमन’ ही त्याची उदाहरणे. मार्च २०१९ मधील ‘मेड इन हेवन’चा विशेष उल्लेख हवा. इतरांची लग्ने थाटात लावून देणारा करण मेहरा समलिंगी आहे. त्याचा घरमालक त्याच्या खोलीत लपवलेला कॅमेरा बसवतो आणि करणला अटक होते. तो घरमालक स्वतःही तेच गुपित उरी बाळगून आहे, हे उघड होते तेव्हा कायदा आणि भय यांचे नाते कोणत्याही भाषणाशिवाय कळते. या भूमिकेसाठी अर्जुन माथुर यांना आंतरराष्ट्रीय एमीचे नामांकन मिळाले.

मराठीत हा विषय प्रथम रंगभूमीवर आणि चित्रपटात आला. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ चे. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात मित्राची भूमिका केली. पाठोपाठ १९८२ च्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ने महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधाला स्पर्श केला. म्हणजे ब्रिटनच्या घरात कॉलिन येण्याआधीच मराठी प्रेक्षकाने नाट्यगृहात मित्राला पाहिले होते. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. बहीण-भाऊ दोघेही ज्याच्या प्रेमात पडतात त्या भाडेकरूची ही गोष्ट २०२२ मध्ये हिंदी चित्रपटाच्या रूपाने नेटफ्लिक्सवर आली, तीही दर महिन्याला वर्गणी भरणाऱ्यांसाठी. दिवेलागणीनंतरच्या दैनंदिन मालिकेचा कणा मात्र विवाह हाच आहे: स्थळ, साखरपुडा, मुहूर्त, सासर. त्या साच्यात विवाहालाच नकार देणाऱ्या माणसाला जागा करून देणे हे लेखकालाही अवघड आहे आणि साबण-मसाल्यांच्या प्रायोजकालाही.

ओटीटीने प्रायोजकाचा धाक घालवला, पण दिवाणखानाही घालवला. कॉलिनला दीड कोटी माणसांनी घरच्यांसोबत बसून पाहिले. त्यांत त्याचा तिरस्कार करणारे होते आणि शेजारच्या खुर्चीत बसलेला, कुणाला काही न सांगितलेला एखादा मुलगाही होता. करण मेहराला तो मुलगा आज मोबाइलवर, कानात इअरफोन घालून, दार लोटून पाहतो. बाहेरच्या खोलीत आई-वडील दुसरी मालिका पाहत असतात.