आकडा उलटणारी घड्याळे



लग्नघरी घटिकापात्र ठेवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी पाण्यावर तरंगत चोवीस मिनिटे भरत असते, आणि बघणाराला मात्र काही घडतंय असं वाटत नाही. मग एकाएकी ती बुडते आणि भटजी सांगतात, घटका भरली. आज ज्या घड्याळांविषयी बोलायचे आहे त्यांची रीत काहीशी अशीच आहे. त्यांना काटे नसतात. आकडे छापलेली पातळ पाती एका आसाभोवती बसवलेली असतात. मिनिटभर सारे स्तब्ध असते आणि मग डोळ्याचे पाते लवावे तसे एक पाते खाली पडते, की मिनिट बदलले. यांना फ्लिप घड्याळे म्हणतात. आता ती फारशी बनत नाहीत. पण जुनी शोधून, दुरुस्त करून जपणारी मंडळी जगभर आहेत. त्यांचा हा छंद इतिहासाच्या शिक्षकांनीही जवळून पाहण्याजोगा आहे.

काट्यांऐवजी आकडे दाखवण्याची कल्पना तशी जुनी. ऑस्ट्रियाच्या योझेफ पाल्वेबरने १८८३ साली खिशातल्या घड्याळासाठी फिरत्या आकड्यांची युक्ती काढली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या यूजीन फिचने पात्यांच्या घड्याळाचे पेटंट घेतले. ते ‘प्लेटो’ या नावाने विकले गेले. काचेच्या नळकांड्यात सेल्युलॉइडची पाती, आणि खाली किल्लीचे यंत्र. मौजेची वस्तू म्हणून लोकांनी ते घेतले, आणि मौज संपल्यावर विसरलेही.

त्या कल्पनेला खरे काम मिळाले ते इटलीत. ईशान्य इटलीच्या डोंगराळ भागात पेझारीस नावाचे लहानसे गाव आहे. तिथे सोलारी घराण्याचा घड्याळे बनवण्याचा धंदा १७२५ पासूनचा. चर्चच्या मनोऱ्यावर बसवायची मोठी घड्याळे ही त्यांची खासियत. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४८ साली, याच घराण्यातल्या फेर्मो आणि रेमिजिओ यांनी खाली उदिने शहरात वेगळा कारखाना काढला. रेमिजिओ हा शाळा-कॉलेजात न घडलेला, स्वतःच्या हाताने शिकलेला कारागीर. रेल्वे स्टेशनावर लांबून आणि तिरक्या नजरेनेही चटकन वाचता येईल असे घड्याळ कसे करावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. गाडी चुकेल या धास्तीने धावणाऱ्या माणसाला काट्यांचा हिशेब करायला सवड नसते!

पात्याची खुबी अशी. आकडा मधोमध आडवा कापलेला असतो. एका पात्याच्या पुढच्या अंगावर, समजा, सातची वरची अर्धी बाजू असेल, तर त्याच्याच पाठीवर आठची खालची अर्धी बाजू असते. पाते पडले की पाठ समोर येते, वर पुढच्या पात्यावरचा आठचा माथा उघडा पडतो, आणि पुरा आठ दिसू लागतो. म्हणजे एक पाते हरवले तर एक नव्हे, दोन आकडे बिघडतात. जिनो व्हाल्ले या वास्तुकाराने रूप दिलेल्या ‘चिफ्रा ५’ या सोलारी घड्याळाला १९५६ मध्ये कोम्पासो दोरो हा इटलीतला मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बेल्जियममधल्या लिएजच्या स्टेशनावर गाड्यांच्या वेळा दाखवणारा पात्यांचा फलक लागला.

घरोघरी हे घड्याळ पोहोचवले ते मुख्यतः जपान्यांनी. कॅमेऱ्याची शटरे करणारी टोकियोची कोपाल कंपनी यात पुढे होती. ही घड्याळे विजेवर चालतात, आणि त्यांची मोटर विजेची आवर्तने मोजते. जपानात मोठी गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन यंत्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. म्हणून आजही पूर्वेकडे सेकंदाला ५० आवर्तने आणि पश्चिमेकडे ६०. आपल्याकडे ५०, अमेरिकेत ६०. आता अमेरिकेहून हौसेने आणलेले घड्याळ इथे लावले तर काय होईल? ट्रान्स्फॉर्मरने दाब उतरवला नाही तर मोटर जळेल. आणि दाब उतरवला तरी आवर्तने बदलत नाहीत, तेव्हा ते दर तासाला दहा मिनिटे मागे पडेल, दिवसाला चार तास! उलट, घड्याळातल्या चाकांचे दाते मोजले तर ते ५० आवर्तनांच्या विजेसाठी घडवले होते की ६० च्या, हे छापील कागदावाचून कळते.

इथे इतिहासाचा संबंध येतो. पुष्कळ जुन्या घड्याळांत तेल सुकून चिकट झालेले असते, मोटर घरघरते. कुणी घाईने स्पिरिटने पाती पुसतो आणि आकडेच निघून येतात. कुणी वेळ लावताना ते उलटे फिरवतो आणि आतले काहीतरी मोडतो. आणि कुणी तर जुने यंत्र फेकून आत नवे, सेलवर चालणारे बसवतो. घड्याळ चालते, वेळही अचूक दाखवते. पण एखाद्या जुन्या सनदेवरची पुसट मोडी अक्षरे नव्या शाईने गिरवून ठेवली, तर संशोधकाला आपण काय देतो? मला विचाराल तर बंद पडलेले पण आतून शाबूत घड्याळ अधिक मोलाचे. अर्थात जळालेली मोटर बदलावीच लागते, हट्ट धरून चालत नाही. चांगले संग्राहक अशा वेळी जुना भाग पुडीत बांधतात, काय काढले, काय घातले आणि केव्हा, याची चिठ्ठी लिहून घड्याळासोबत ठेवतात. पिवळे पडलेले प्लॅस्टिक रसायनाने पांढरे करावे की नाही, यावर मात्र त्यांच्यात एकमत नाही. मी पिवळेच राहू द्या म्हणणाऱ्यांच्या बाजूचा.

मोठ्या फलकांचे दैव असे प्रत्येक वेळी बलवत्तर नसते. ते एकेक करून उतरले आणि त्यांच्या जागी पडदे आले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्टेशनावरचा फलक जानेवारी २०१९ मध्ये उतरवला गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्कला दुसरीच गोष्ट घडली. तिथल्या केनेडी विमानतळावर टीडब्ल्यूए कंपनीची १९६२ सालची इमारत २००१ पासून प्रवाशांना बंद होती. मे २०१९ मध्ये तिचे हॉटेल झाले. आतला सोलारीचा फलक मालकांनी मोडीत काढला नाही. तो दुरुस्तीसाठी समुद्रापार उदिनेला, घडवणाऱ्यांच्याच दारी पाठवला, आणि परत आणून जुन्या जागी लावला. त्याची पाती आता पुन्हा खडखडतात.