कोबीवर्गीय भाज्यांचे खत : पेठ (जि. नाशिक)

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली या मोहरीच्या कुळातल्या भाज्यांना सेंद्रिय व रासायनिक खते किती, केव्हा आणि कशी द्यावीत, याची ही नोंद आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील पेठ तालुक्यात नागली, वरई, भात आणि खुरासणी ही मुख्य पिके. विहिरीला किंवा नाल्यावरच्या बंधाऱ्याला पाणी टिकते तिथे भात निघाल्यावर रब्बीत भाजी घेता येते.

इथला पाऊस वर्षाला सुमारे 2,000 मिलिमीटर. उतारावरची जमीन उथळ, तांबडी, मुरमाड. एवढ्या पाण्याबरोबर नत्र आणि चुना वाहून जातो, तेव्हा माती आम्लतेकडे झुकते. कोबीला नेमके याच्या उलट हवे असते. एक टन कोबी सुमारे 3 ते 4 किलो नत्र उचलते आणि तिची मुळे वरच्याच थरात पसरतात. म्हणून पेठमध्ये जमीन खत धरून ठेवील का, हा प्रश्न किती खत घालायचे याच्या आधी येतो. शेणखत नत्र पुरवते, पण त्याहून मोठे काम म्हणजे ते माती भुसभुशीत करते, ओल धरते आणि रासायनिक खताला थारा देते. सेंद्रिय विरुद्ध रासायनिक हा वाद अशा जमिनीवर निरर्थक आहे. पहिल्याशिवाय दुसरे वाया जाते, आणि एकट्या पहिल्यावर भरदार गड्डा क्वचितच येतो.

महाराष्ट्रात कोबीसाठी हेक्टरी 160 किलो नत्र, 80 किलो स्फुरद व 80 किलो पालाश अशी शिफारस प्रचलित आहे, फ्लॉवरला 150:75:75. सोबत सुमारे 20 टन कुजलेले शेणखत. छोट्या शेतकऱ्याला हा हिशेब गुंठ्यावर सोपा जातो : 200 किलो शेणखत, 5 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, सव्वा किलोच्या थोडे वर म्युरेट ऑफ पोटॅश आणि साडेतीन किलो युरिया. शेणखत नांगरटीनंतर मिसळावे. स्फुरद, पालाश आणि निम्मा युरिया लागवडीवेळी द्यावा, उरलेला युरिया महिन्याने. हलक्या जमिनीत हा दुसरा हप्ता दोनदा विभागून देणे अधिक चांगले. स्फुरदासाठी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावे, कारण त्यात सुमारे 11 टक्के गंधक असते. कोबीचा उग्र वास आणि चव गंधकयुक्त द्रव्यांतूनच येते, त्यामुळे या कुळाला गंधक जास्त लागते.

शेणखत पुरे कुजलेले हवे. कच्च्या शेणाबरोबर हुमणी आणि तणाचे बी शेतात येते. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत इथे उपयोगी आहे : भोके ठेवलेल्या विटांच्या 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाक्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर रचले, की तीन-चार महिन्यांत कंपोस्ट तयार होते. थोड्या शेणात भरपूर पालापाचोळा कुजतो, ही तिची खरी किंमत.

भात-नागलीच्या रोपवाटिकेत पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून जाळण्याची, म्हणजे राबाची चाल या डोंगराळ पट्ट्यात जुनी आहे. सरकारने पाठवलेले शेतीरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी 1893 च्या अहवालात तिची दखल घेतली. राबाने तण मरते, राखेतून पालाश आणि चुना मिळतो. नत्र आणि बराचसा गंधक मात्र धुरातून जातो. कोबीच्या रोपांना थोडी राख फायद्याची, कारण ती आम्लता कमी करते. पण राख युरियात किंवा ताज्या शेणात मिसळू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

आम्ल जमिनीत फ्लॉवरला मॉलिब्डेनम मिळत नाही. मग पानाचे पाते आकसते आणि मधली शीर तेवढी उरते. याला व्हिपटेल म्हणतात. माती परीक्षणानुसार चुना घातला तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. नाहीतर हेक्टरी 1 ते 1.5 किलो अमोनियम मॉलिब्डेट द्यावे. बोरॉन कमी पडले तर खोड पोकळ होते आणि गड्ड्यावर तपकिरी डाग पडतात. त्यावर गुंठ्याला सुमारे 100 ग्रॅम बोरॅक्स पुरते. जास्त घातल्यास तेच विष ठरते, म्हणून ते कोरड्या मातीत मिसळून सारखे पसरावे. नत्राच्या टंचाईने फ्लॉवरचा गड्डा बटणाएवढाच राहतो.

युरिया वाढवला की पाने हिरवीगार व कोवळी होतात आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्या त्यांवर तुटून पडतात. कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावल्या तर पतंग मोहरीकडे ओढला जातो. गड्डा भरू लागल्यावर युरिया देऊच नये. उशिरा दिलेल्या नत्राने गड्डे फुटतात आणि नाशिकच्या बाजारापर्यंतच्या घाटवाटेत लवकर खराब होतात.