चावडीचें दप्तर

इतिहास लिहितांना लढायांस जेवढी जागा मिळाली तेवढी दप्तरांस मिळाली नाहीं. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वऱ्हाडच्या कापसाळ काळ्या मुलखांत, नांदुरा हें गांव आहे. प्रवाशाला आज तें महामार्गालगतच्या १०५ फुटी हनुमंतामुळें ओळखूं येतें. परंतु तेथील कुणब्याचें खरें दैव जेथें लिहिलें गेलें ती जागा म्हणजे चावडीवरील वह्या होत. आजचे विद्यार्थी ज्याला डेटाबेस म्हणतात त्याची घडण समजून घ्यावयाची तर या वह्यांइतका जवळचा दाखला दुसरा नाहीं.

इ. स. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. तत्पूर्वीं वसूल बहुधा मक्त्यानें दिला जाई, आणि शेताची हद्द कोठें व सारा किती याविषयीं मक्तेदाराचा शब्द शेवटचा ठरे. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी वऱ्हाडांत लागू झाली. ही पद्धत अगोदरच ठोकर खाऊन शहाणी झालेली होती. १८२० नंतरच्या दशकांत प्रिंगल यानें दख्खनमध्यें जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा अतिशय बारीक हिशेब मांडला. गणित सुरेख, पण आकडे हाताखालच्या माणसांनीं वाटेल तसे भरलेले! सारा डोईजड होऊन रयतेनें शेतें टाकलीं. मग १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरास नवी मोजणी आरंभिली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालांत तिचे नियम बांधले. काल्पनिक नफा सोडून त्यांनीं डोळ्यांना दिसेल तेवढेंच लिहून घेतलें : मातीचा रंग व पोत, खोली, चुनखडीसारखे दोष, आणि त्यावरून जमिनीची प्रत आण्यांत. ३३ फुटांची सांखळी, तिच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर.

या मोजणीचें खरें बळ मात्र एका साध्या गोष्टींत होतें. प्रत्येक शेतास गांवापुरता एक क्रमांक दिला गेला, आणि तो दुसऱ्या कोणत्याही शेतास नाहीं. मालक मरेल, शेत विकलें जाईल, पीक बदलेल. सर्व्हे नंबर हीच ओळख. शेताची वांटणी झाली तरी मूळ नंबर राहून त्यास हिस्सा जोडला जाई. अमेरिकेंत एडगर कॉड यानें १९७० सालीं आपल्या प्रसिद्ध निबंधांत माहिती तक्त्यांत मांडावी, प्रत्येक ओळीस तिची अशी एक किल्ली असावी आणि तक्त्यांचा परस्परसंबंध त्या किल्लीनेंच जोडावा, असें प्रतिपादिलें. पटवाऱ्यास हा सिद्धांत ठाऊक नव्हता. काम मात्र त्याच वळणाचें होतें.

वऱ्हाड १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतर गांवनमुने राज्यभर एका सांच्यांत आले. नमुना सातमध्यें शेतावरील हक्क, बारामध्यें पिकें, आठ-अ मध्यें एका खातेदाराचीं सर्व शेतें. म्हणजे तीच माहिती एकदां शेताच्या अंगानें व एकदां माणसाच्या अंगानें! येथेंच धोका आहे. एकच गोष्ट दोन वह्यांत हातानें लिहावी लागली कीं केव्हां तरी त्या दोघी भांडणार. त्यावर तोड म्हणून नमुना सहा, फेरफाराची वही. खरेदी वा वारसा प्रथम तेथें नोंदावा, संबंधितांस नोटीस द्यावी, हरकतीस १५ दिवस ठेवावे, आणि अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाराला हात लावावा. संगणकशास्त्रांतील व्यवहाराचा नियमही हाच : पुरा झाला तर सर्वत्र लागेल, अर्धवट राहिला तर कोठेंच नाहीं. कागदावर तो पुष्कळदां अर्ध्यावर राही, एवढाच फरक. फेरफार मंजूर, पण सातबारावर जुनेंच नांव. आणि पीककर्जाच्या वेळीं पेढीच्या दारांत उभा राहिलेला कुणबी आपल्याच शेताला परका!

चावडीवरील दप्तर रोजच्या व्यवहारासाठीं. परंतु जिल्ह्यांत दहा वर्षांत कापूस वाढला कीं ज्वारी, हें एका सातबारावरून कळत नाहीं. त्याकरितां पिकांचे आकडे गांवाहून तालुक्यास व तालुक्याहून जिल्ह्यास जाऊन गोषवारे बनत. विल्यम इन्मन यानें १९९२ च्या ग्रंथांत माहितीच्या कोठाराचीं, म्हणजे डेटा वेअरहाऊसचीं, जीं लक्षणें सांगितलीं तीं या गोषवाऱ्यांशीं पुष्कळ जुळतात. माहिती विषयवार लावलेली. निरनिराळ्या ठिकाणांहून आणून एका मापांत बसविलेली. कालाचा शिक्का असलेली. आणि एकदां आंत गेल्यावर न बदलणारी. यांतील दुसरें काम सर्वांत कष्टाचें. एका गांवचा बिघा, दुसऱ्याचा एकर; खुर्द व बुद्रुक यांची गल्लत; एकाच माणसाचें नांव तीन प्रकारें. कोठार भरण्यापूर्वीं धान्य पाखडावें लागतें, आणि बहुतेक श्रम त्या पाखडण्यांतच जातात.

हस्तलिखित सातबारा यंत्रांत उतरवतांना महाराष्ट्रास याचा पुरा अनुभव आला. यंत्र चूक करीत नाहीं म्हणतात; पण मागची चूक तें मोठ्या इमानानें जपतें. म्हणून २०१७ सालीं गांवोगांवीं चावडीवाचन झालें : संगणकांतील नोंदी लोकांपुढें मोठ्यानें वाचावयाच्या आणि ज्याचें शेत त्यानें बोलावयाचें. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळूं लागले. लेखनांतील चूक आढळल्यास संहितेच्या कलम १५५ अन्वयें दुरुस्तीचा हुकूम होतो. त्या हुकुमाचाही फेरफारांत नवा क्रमांक पडतो, आणि ज्या नांवाचा हक्क सरला तें पुसलें न जातां कंसांत राहतें.