पाणबुड्याची शिलकी हवा

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या हिवाळ्यांत तांबड्या समुद्रांत बुड्या मारण्यासाठीं निघाला, तेव्हां निरोप घेण्यास घरीं आला होता. त्याच्या पिशवींत हातभर लांबीचा एक धातूचा सिलिंडर होता; तोंड मोकळें, आणि त्यावरची झडप काढून निराळी रुमालांत गुंडाळलेली. "हें काय रे?" म्हणून विचारतां तो म्हणाला, "सर, ही शिलकी हवा. सध्यां रिकामी आहे." पाठीवरचा मोठा सिलिंडर तेथें भाड्यानें मिळतो, पण त्यानें ऐन वेळीं दगा दिला तर हा धाकटा जवळ असावा, एवढ्यासाठीं हें ओझें तो सातासमुद्रांपलीकडे नेत होता. प्राण वाचविण्यासाठीं न्यावयाची वस्तु रिकामी न्यावी लागते, ही गोष्ट मला मोठी चमत्कारिक वाटली आणि मी तिच्या पूर्वेतिहासाच्या मागें लागलों. तोच आज श्रोत्यांपुढें मांडतों.

पाण्याखालच्या माणसास नावेंतून रबरी नळीनें हवा पुरविण्याची पद्धत पुष्कळ जुनी आहे. वर पंप चालत असे, खालीं धातूचें शिरस्त्राण घातलेला पाणबुड्या काम करी. त्याची हवा संपत नसे, पण ती सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं असे. या पारतंत्र्यांतून सुटण्याचा पहिला चांगला प्रयत्न फ्रान्समध्यें झाला. बन्वा रूकेरोल या खाण-इंजिनियरनें खाणींतील विषारी वायूंत शिरतां यावें म्हणून श्वास घेतांच हवा सोडणारें व एरव्हीं बंद राहणारें एक नियामक यंत्र १८६० सालीं काढलें. पुढें १८६४ सालीं ओग्यूस्त दनेरूझ या नौदलाच्या अधिकाऱ्याच्या साह्यानें तें पाण्याखालीं आणलें. पाणबुड्याच्या पाठीवर हवेची एक लहान टांकी असे. नळी वरूनच येई. परंतु टांकींतल्या हवेवर थोडा वेळ नळीवांचून राहतां येई. शिलकी हवेचा पहिला अवतार तो हाच, असें माझें मत आहे. ज्यूल व्हर्न यानें आपल्या समुद्रतळाच्या कादंबरींत हेंच यंत्र सुधारून वापरलें आहे. पण कादंबरींतली टांकी तासन् तास पुरते, खरी पुरत नसे.

नळी कायमची तुटावयास १९४३ साल उजाडलें. महायुद्धांत पेट्रोलची चणचण असल्यामुळें मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. आपल्याकडेही त्या काळीं कोळशाच्या गॅसवर बसगाड्या धांवत. अशा मोटारीसाठीं एमिल गान्यां या पॅरिसच्या इंजिनियरनें एक झडप तयार केली होती. ती पाहून जाक-इव्ह कुस्तो या नौदलाच्या तरुण अधिकाऱ्याला सुचलें, कीं इंजिनास हवा तितकाच गॅस देणारी ही झडप माणसास हवी तितकीच हवा कां देणार नाहीं? मार्न नदींत पहिली परीक्षा झाली. आडवें पोहतांना यंत्र उत्तम चाले, उभें राहतांच हवा वाहूं लागे. दोष सुधारला, आणि जून महिन्यांत दक्षिण किनाऱ्यावरील बांदोल या गांवच्या रेल्वे स्टेशनावर एक लांकडी पेटी येऊन पडली. पेटींत हवेचे तीन सिलिंडर व तें यंत्र होतें. हवेचे सिलिंडर घेऊन समुद्रावर जाणाऱ्या आजच्या हौशी प्रवाशांची परंपरा या आगगाडीच्या पार्सलापासून सुरू होते, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण स्वातंत्र्याबरोबर हिशेब आला. पाठीवर किती हवा उरली हें त्या काळीं पाण्यांत कळत नसे. सिलिंडर रिता होऊं लागला कीं श्वास ओढावयास जड जाई, तीच सूचना. म्हणून १९५० नंतरच्या दशकांत राखीव झडप निघाली. शेवटचा साधारण २० वातावरणांचा दाब ती अडवून धरी. श्वास जड होतांच पाणबुड्यानें कमरेजवळची तार खालीं ओढावयाची, कीं उरलेली हवा मोकळी होई. युक्ति फार चांगली, पण तींत एक पाप होतें. दगडाला घांसून किंवा नावेंत चढतांना ती तार आधींच ओढली गेली असली, तर राखीव हवा कधींच संपलेली असे, आणि माणूस मात्र ती आहे या भरंवशावर खालीं राही. पुढें दाब दाखविणारें घड्याळ सर्रास वापरांत आलें व ही झडप मागें पडली.

येथें मला १९४६ सालच्या ऑगस्टची एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दक्षिण फ्रान्समध्यें व्होक्लूझ नांवाचा एक प्रचंड झरा डोंगराच्या पोटांतून निघतो. त्याच्या विवरांत २७ तारखेस कुस्तो व त्याचा मित्र फ्रेदेरिक द्यूमा उतरले. वर दोरी धरून मॉरिस फार्ग उभा होता. खालीं अंधारांत दोघांचीही बुद्धि भ्रमूं लागली. द्यूमा जवळजवळ बेशुद्ध झाला. कुस्तो त्याला धरून दोरीवरून वर चढूं लागला, तों चढतांना बसणारे हिसके म्हणजे 'दोरी सोडा' अशी खूण समजून फार्ग वरून आणखी दोरी सोडूं लागला! जितकें चढावें तितकी दोरी खालीं यावी, असा तो भयंकर प्रसंग. शेवटीं फार्गच्या ध्यानांत आलें, त्यानें सर्व बळानें दोरी ओढली आणि दोघेही जगले. मागाहून शोध लागला, कीं ज्या पंपानें सिलिंडर भरले होते तो स्वतःच्याच इंजिनाचा धूर आंत ओढीत होता. सिलिंडरांत हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड भरला गेला होता. पुढच्याच वर्षीं खोलीच्या एका प्रयोगांत १२० मीटरवरच्या पाटीवर सही करून आलेला फार्ग वर आला तो मृत.

या हकीकतींत प्रश्नाचें मर्म आहे. त्या दिवशीं दोघांजवळ आणखी एकेक सिलिंडर असता तरी काय उपयोग? तोही त्याच पंपावर भरलेला! शिलकी वस्तु खरोखर शिलकी ठरावयाची तर ती मुख्य वस्तूपासून निराळी हवी: निराळा सिलिंडर, निराळें नियामक यंत्र, आणि होईल तर निराळ्या ठिकाणीं भरलेली हवा. हें तत्त्व पाण्यानें भरलेल्या गुहांत शिरणाऱ्यांनीं सर्वांत कडकपणें पाळलें, कारण त्यांच्या डोक्यावर आकाश नसून दगड असतो. शेक एक्झ्ली या अमेरिकन शाळामास्तरानें १९७९ सालीं गुहांतील अपघातांवर एक लहानसें पुस्तक लिहून तिसऱ्या हिश्शाचा नियम लोकांच्या मनावर बिंबविला: एक तृतीयांश हवा जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, उरलेली संकटास. (तो आमच्याच पेशाचा, म्हणून मला त्याचें विशेष.) १९९४ सालीं मेक्सिकोंतील साकातोनच्या डोहांत त्याचा अंत झाला.

आतां त्या हातभर सिलिंडराचा हिशेब पाहूं. तो ३ लिटरचा, २०० वातावरणें दाबाचा. म्हणजे हवा ६०० लिटर. वर मिनिटास २० लिटर घेणारा माणूस ३० मीटर खोलीवर दाब चौपट म्हणून ८० लिटर घेतो. तेथें गोंधळांत एक मिनिट, सावकाश वर येण्यास सव्वातीन मिनिटें, मध्यें ५ मीटरवर तीन मिनिटें थांबणें, असें मिळून सुमारें साडेतीनशें लिटर लागतात. पण घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो. तेव्हां हेच सातशेंच्या घरांत जातात आणि ६०० अपुरे पडतात. बाजारांत याहून पुष्कळ लहान, ८५ लिटर हवेच्या कुप्याही मिळतात. त्या खोलीवर त्या शांत माणसासही मिनिटभरच पुरावयाच्या. मालवणास किंवा तारकर्लीस वाटाड्याचा हात धरून उथळ पाण्यांत मासे पाहणाऱ्यास यांपैकीं कशाचीच गरज नाहीं.

राहतां राहिला विमानाचा प्रश्न. अमेरिकेच्या विमानतळांवर नियम असा, कीं झडप सिलिंडरापासून पूर्ण काढलेली व तोंड उघडें हवें, म्हणजे तपासनीसास आंत पाहतां येतें. भरलेल्या सिलिंडरांत कोंडलेलें बळ पाहतां नियम योग्यच आहे. पण त्यामुळें झडप परक्या गांवीं पुन्हां बसवावी लागते, आणि येथें खरा धोका आहे. झडपांचे आटे सर्वत्र एका मापाचे नसतात; २५ मिलिमीटरची झडप पाऊण इंची म्हणविणाऱ्या तोंडांतही फिरून बसते (हें नांव नळाच्या मापाचें, प्रत्यक्ष तोंड बरेंच रुंद असतें), आणि दाब भरतां भरतां बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. म्हणून जाणते लोक झडप व सिलिंडर यांवरचे छाप जुळवून पाहतात, रबरी कडें नवें घालतात, किंवा सरळ धाकटा सिलिंडरही तेथेंच भाड्यानें घेऊन स्वतःचें नियामक यंत्र तेवढें बरोबर नेतात.

माझा विद्यार्थी सुखरूप परत आला. सिलिंडर एकदांही वापरावा लागला नाहीं, असें त्यानें थोडें हिरमुसून सांगितलें. पुढच्या खेपेस तो घरीं ठेवणार काय, असें मीं विचारलें, तर म्हणाला, "छे, सर! पण झडप मात्र तेथल्या माणसाकडून बसवून घेईन. या वेळीं मीच बसविली होती."