जुन्या स्पोर्ट्स कारला ऑइल टेंपरेचर गेज कसा लावायचा? संपूर्ण माहिती

गाडीत ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावला की मोबाइलवर सगळं काही दिसतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ॲपला तेवढंच दिसतं, जेवढं गाडी स्वतः मोजते. इंजिन ऑइलचं तापमान ही अशीच एक गोष्ट आहे. ती खूप गाड्यांमध्ये मोजलीच जात नाही.

या लेखात मी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजेच अमेरिकेतली मियाटा, हे उदाहरण घेतोय. ही दोन सीटची ओपन स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये आली आणि ही पिढी १९९७ पर्यंत बनत होती. मी कोलोराडोत राहतो आणि माझ्याकडे याच पिढीची १.६ लिटरची गाडी आहे. भारतात ही गाडी सहसा दिसत नाही, पण इथलं तत्त्व कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडतं.

कूलंटचा काटा आहे ना, मग हा कशाला?

डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. कूलंटला थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात, त्यामुळे ते साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकतं. ऑइलचं तसं नाही. सकाळी गाडी सुरू केली की कूलंट आधी गरम होतं, ऑइल बरंच मागे असतं. उलट घाटात किंवा ट्रॅकवर इंजिन सतत वरच्या आरपीएमला पळवलं, तर कूलंटचा काटा मध्यावर शांत असतो आणि ऑइल मात्र चढतच राहतं.

यात धोका काय? ऑइल तापलं की पातळ होतं. ४० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असावी लागते. तापमान वाढलं की ती आणखी उतरते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो आणि काम थेट इंजिन उघडण्यावर जातं. शिवाय जास्त तापलेलं ऑइल लवकर खराब होतं.

ॲप ऑइलचं तापमान का दाखवत नाही?

अमेरिकेत ओबीडी-२ हे १९९६ पासून सगळ्या नव्या कार्सना सक्तीचं झालं. त्याआधीच्या मियाटाला हल्लीचा स्कॅनर जोडताच येत नाही. ओबीडी-२ मध्ये ऑइल तापमानासाठी '५सी' हा कोड ठरलेला आहे, पण गाडीत सेन्सरच नसेल तर उत्तर येणार कुठून? म्हणून ॲपमध्ये तो रकाना रिकामा दिसला तर ॲपला शिव्या घालू नका. सेन्सर आपल्यालाच बसवावा लागेल.

हे काम कसं करतं?

सेंडरच्या टोकात थर्मिस्टर असतो. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. गेज तो रेझिस्टन्स मोजून काटा हलवतो. प्रत्येक कंपनीचा रेझिस्टन्सचा तक्ता वेगळा असतो, म्हणून गेज आणि सेंडर एकाच सेटमधले घ्या. एकाचा गेज आणि दुसऱ्याचा सेंडर जोडला तर काटा हलेल, पण आकडा चुकीचा असेल.

सेंडर कुठे बसवायचा?

१. ड्रेन बोल्टच्या जागी: मियाटाच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट एम१४ x १.५ आट्यांचा आहे. हा उपाय सोपा आणि स्वस्त. पण सेंडर गाडीच्या पोटाखाली उघडा राहतो, दगड लागू शकतो आणि दर ऑइल चेंजला वायर काढावी लागते.

२. सँडविच प्लेट: इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणारी जाड चकती. मियाटासाठी एम२० x १.५ आट्यांची घ्यायची. इथे पंपातून आलेलं वाहतं ऑइल मोजलं जातं, म्हणून बदल लवकर कळतो. मी हीच निवडली. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असल्यामुळे हात घालायला जागा कमी आहे, तेवढा त्रास सोसावा लागतो.

आट्यांकडे नीट लक्ष द्या. माझदाच्या ब्लॉकवर ऑइल प्रेशर सेंडरचे आटे १/८ बीएसपीटी असतात, म्हणजे इंचाला २८. बाजारातले बरेच गेज सेंडर १/८ एनपीटी असतात, म्हणजे इंचाला २७. दोन्ही दिसायला सारखेच, सुरुवातीला फिरतातही. पण जोर लावला तर आटे खराब होतात किंवा ऑइल गळतं. सँडविच प्लेट घेताना तिच्या भोकाचे आटे सेंडरशी जुळतात का, ते आधी बघा.

बसवायच्या पायऱ्या

१. इंजिन थंड होऊ द्या. गाडी जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीच जायचं नाही.

२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मियाटाची बॅटरी बोनेटखाली नाही, मागे डिकीत असते.

३. फिल्टर काढा. खाली ट्रे ठेवा, थोडं ऑइल सांडतंच. जुनं रबर गॅस्केट ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, ते बोटाने तपासा. त्यावर दुसरं गॅस्केट बसलं तर जोरात गळती होते.

४. सँडविच प्लेटच्या रिंगला ऑइल लावा, प्लेट बसवा, मग नवा फिल्टर हाताने घट्ट करा.

५. सेंडरच्या आट्यांना थोडंसं लिक्विड सीलंट लावा. एका वायरचा सेंडर अर्थिंग आट्यांमधूनच घेतो, म्हणून टेफ्लॉन टेपचे जाड थर गुंडाळू नका.

६. वायर एक्झॉस्ट आणि स्पार्क प्लगच्या केबलपासून लांब ठेवा. फायरवॉलमधून आत घेताना रबर ग्रोमेट वापरा.

७. गेजला साधारण चार वायर असतात: सिग्नल, अर्थिंग, चावी फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट आणि लाइट. १२ व्होल्टच्या वायरला छोटा फ्यूज लावा. पिवळ्या रंगाच्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

८. गेज ५२ मिलिमीटरचा घेतला तर मियाटाच्या मधल्या गोल एसी व्हेंटच्या जागी बसणारे होल्डर मिळतात.

९. बॅटरी जोडा, इंजिन चालू करा आणि खाली गळती बघा. मग इंजिन बंद करून डिपस्टिकने ऑइलची लेव्हल तपासा.

गेज खरं बोलतो का? किचनमध्ये तपासा

हे सेंडर बसवण्याआधीच करा. सेंडर, गेज आणि १२ व्होल्टची बॅटरी जोडा. एका वायरचा सेंडर असेल तर त्याच्या धातूच्या अंगाला बॅटरीची निगेटिव्ह वायर लावा. आता सेंडरचं फक्त टोक उकळत्या पाण्यात धरा. समुद्रसपाटीला १०० अंश दिसायला हवेत. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी. आपल्या गावाची उंची मोबाइलवर बघा. पुण्यात साधारण ९८ अंश येतील, इकडे डेन्व्हरमध्ये ९५ च्या आसपास.

आकडे कसे वाचायचे?

मी माझ्या गाडीसाठी या मर्यादा पाळतो:

- ७० अंशांखाली: ऑइल अजून जाड आहे, आरपीएम वर नेत नाही.
- ९० ते ११० अंश: सगळं ठीक. ऑइलमध्ये जमलेली पाण्याची वाफही इथे निघून जाते.
- १२० ते १३० अंश: जोरात चालवल्याचा परिणाम. लक्ष ठेवतो.
- १३५ च्या वर: पाय हलका करतो, वरचा गियर टाकतो. पुन्हा पुन्हा असं झालं तर ऑइल कूलरचा विचार करायचा.

ऑइल प्रेशरचा काटाही सोबत बघा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मियाटाच्या १९९५ च्या मॉडेलपासून कंपनीचा प्रेशर गेज खरं प्रेशर दाखवत नाही. तो नुसत्या स्विचवर चालतो: प्रेशर आहे किंवा नाही, एवढंच सांगतो. अशा गाडीत तर ऑइलची अवस्था कळायला तापमानाचा गेज आणखी गरजेचा ठरतो.

तुमच्या गाडीत किंवा बाइकमध्ये ऑइल तापमानाचा सेन्सर आहे का? ओनर्स मॅन्युअल उघडून बघा आणि ॲपमधला आकडा खरा आहे की नाही, ते त्यावरून ठरवा.