घरच्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रणाची जपणूक

घरगुती स्टुडिओतील ध्वनिमुद्रण संगणकाच्या डिस्कवर साठते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जाचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेतो. पाच मिनिटांच्या, सोळा ट्रॅकच्या गाण्याला जवळपास ७०० मेगाबाइट लागतात. डिस्क बंद पडली, तर संगणक नवा आणता येतो. गायकाचा त्या दिवशी लागलेला सूर मात्र परत येत नाही.

यासाठी ‘३-२-१’ हा नियम रूढ आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. एकाच डिस्कवरील दोन फोल्डर हा बॅकअप नव्हे. परस्परांची प्रतिकृती ठेवणाऱ्या ‘रेड’ डिस्कही पुरेशा नाहीत. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते.

प्रोजेक्ट फाइलमध्ये बहुधा प्रत्यक्ष आवाज नसतो, ध्वनिफाइलींचे केवळ संदर्भ असतात. म्हणून संपूर्ण फोल्डर जतन करावा. प्लग-इन कालबाह्य होतात. त्यामुळे प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या आरंभापासून वेव्ह स्वरूपातही काढून ठेवणे हितावह ठरते. बॅकअपची डिस्क काम संपताच संगणकापासून विलग करावी, म्हणजे व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि ठेवलेली प्रत अधूनमधून उघडून ऐकावी. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.