दिव्यांग व्यक्तींसाठी संकेतस्थळांची सुगम्यता : कायदा व मराठी लिपी यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या ग्रामीण तालुक्यातही आज दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीचा अर्ज केंद्र शासनाच्या संकेतस्थळावरून केला जातो. हक्क मिळविण्याचे दारच संकेतस्थळ झाल्यामुळे ते दिव्यांग व्यक्तीला स्वतः वापरता येणे, हा केवळ सोयीचा प्रश्न उरलेला नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

कायद्याची वाटचाल :
१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात वाहने, रस्ते व इमारती यांतील अडथळ्यांचा विचार होता, संकेतस्थळांचा नव्हता. १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या दिव्यांग हक्क कराराला अनुसमर्थन दिले व २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची सुगम्यता हे शासनाचे कर्तव्य ठरविले. तथापि, २०१७ च्या नियमांतील नियम १५ केवळ शिफारशींच्या स्वरूपाचा असल्याने तो अधिनियमाशी विसंगत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून खटल्यातील निकालाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडला.

मराठी लिपीचा प्रश्न :
दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर या प्रणालीद्वारे पडद्यावरील मजकूर ऐकते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. परंतु आरंभीच्या काळात अनेक मराठी संकेतस्थळे खाजगी फाँट वापरीत. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले असत. डोळस वाचकाला मराठी दिसे. यंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरे मिळत. २००६ पासून विकसित झालेल्या एनव्हीडीए या विनामूल्य प्रणालीमुळे खर्चाची अडचण कमी झाली, तरी युनिकोडशिवाय मराठी वाचन अशक्यच होते. आजही कागदाची प्रतिमा घेऊन तयार केलेल्या पीडीएफमधून हाच अडथळा नव्या रूपात उभा राहतो.

निष्कर्ष :
सूचनेपासून बंधनापर्यंत पोहोचण्यास कायद्याला सुमारे दोन दशके लागली. मराठीपुरते पाहता, यंत्राला वाचता येईल असा मजकूर ही सुगम्यतेची पहिली अट आहे. महाविद्यालयांनीही आपली प्रवेश-पत्रके, वेळापत्रके व परिपत्रके प्रतिमेऐवजी युनिकोड मजकुरात प्रसिद्ध केल्यास दृष्टिहीन विद्यार्थ्याला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागणार नाहीत.